आंब्याला सोसेल तेवढाच गारवा

हापूस झाडावरून उतरवला, तरी तो जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्यातले पाणी उडत राहते. ऊब वाढली की हा श्वास वाढतो, आणि फळ लवकर उतरते. म्हणून लक्षात ठेवूया: आंब्याची प्रत बागेत घडते, पण ती राखावी लागते साठवणीत.

मग कच्चा आंबा थेट फ्रिजमध्येच का ठेवू नये? द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास चांगली टिकतात. काढणीनंतर ती पिकतही नाहीत. आंब्याला मात्र अजून पिकायचे असते. कच्चा आंबा 12 अंशांच्या खाली बरेच दिवस राहिला, तर त्याला थंडी बाधते. सालीवर करडे डाग पडतात. बाहेर काढल्यावर तो नीट पिकत नाही. गारवा हवाच, पण फळाला सोसेल तेवढाच.

पेटीचेही तसेच. पेटीला भोके हवीत, म्हणजे ऊब कोंडत नाही. फळ आत हलता कामा नये. कारण दबलेल्या जागी कूज आधी धरते. कोणी म्हणेल, चांगली पेटी महाग पडते. खरे आहे. पण सडके फळ इथिलीन वायू सोडते, आणि शेजारची फळेही वेळेआधी पिकतात. मग तोटा साऱ्या पेटीचा होतो.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा एकदा: प्रत राखली जाते साठवणीत. कच्चा आंबा हवेशीर जागी पिकू द्या. पिकल्यावरच फ्रिजमध्ये ठेवा.