कमान की कडी?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कमानीची चर्चा ऐकतो आहे. जमलेल्या निधीतून शाळेला कमान बांधायची आणि तिच्यावर आपल्या बॅचचे नाव कोरायचे, असे बहुतेकांचे म्हणणे दिसते. मला पाच मिनिटे मिळाली आहेत. ती मी अब्बास मुंतसीर यांच्यासाठी खर्च करतो. हे नाव किती जणांनी ऐकले आहे? बघा, हात फारसे वर आले नाहीत.

गुलाम अब्बास मुंतसीर भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार होते. 1970 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. हे मुंबईच्या नागपाड्याचे. नोकरीनिमित्त मुंबईत असताना मी त्या भागातून जात असे. दाटीवाटीची वस्ती, आणि तिच्यात मस्तान तलावाचे मैदान. नावातच तलाव, पाणी कुठे नाही! पण एवढ्याशा मोहल्ल्यातून भारताकडून खेळलेले कितीतरी खेळाडू निघाले.

त्या काळी आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरत नसे. अमेरिकेसारखे करार नव्हते. रेल्वे, पोलीस, बँक अशा ठिकाणी खेळाडू म्हणून चिकटायचे आणि संध्याकाळी सराव करायचा. पस्तिशीच्या आसपास गुडघे बोलू लागले की खेळ संपला, नोकरी उरली. मुंतसीर मात्र खेळणे थांबल्यावरही मैदानावर राहिले, प्रशिक्षक म्हणून. मला त्यांच्या पुरस्कारापेक्षा हे मोठे वाटते.

कारण शिकवणारा नसेल तर पोरे काय करतात? सगळी कडीकडे चेंडू फेकत बसतात. डाव्या हाताने टप्पा मारायला, एक पाय रोवून त्याच्यावरच वळायला, मोकळ्या गड्याला पास द्यायला कुणी आपणहून शिकत नाही. रोज एकच गोष्ट घोटून घेणारा माणूस लागतो. हा खेळही एका व्यायामशिक्षकाच्याच डोक्यातून निघाला. 1891 साली जेम्स नायस्मिथ यांनी सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि सुरुवात केली. टोपलीला बूड होते, दर वेळी चेंडू वर चढून काढावा लागे!

आपल्याकडे जागा आहे. 28 मीटर बाय 15 मीटरचे कोर्ट शाळेमागे आरामात बसते. उन्हाळ्यात रावेरचे ऊन पाहता सराव पहाटेच घ्यावा लागेल. मुलींनाही तीच वेळ सोयीची.

पण नुसते कोर्ट नको. कांदेबाग लावताना पाणी कोण देणार हे आपण आधी ठरवतो की नाही? म्हणून निधीचे दोन भाग करा. एकातून कोर्ट आणि दोन खांब. दुसरा बँकेत ठेवा आणि त्याच्या व्याजातून एखाद्या निवृत्त खेळाडूला दरमहा मानधन द्या. व्याज कमी पडले तर वर्गणी काढू.

हिशेबाचा कागद आणला आहे, जेवणाआधी खजिनदारांकडे देतो. कमानवाल्यांनीही आपला कागद आणावा, आणि मग मत घ्या.