परदेशातील टीव्ही आणि आजीची मराठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागील वर्षी मी सासूबाईंना घेऊन पाच महिने इंग्लंडात राहून आले. तिकडचे काही सांगावे, असा आपला आग्रह पडला. राजवाडे आणि बागा यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी घरातल्या टीव्हीविषयीच बोलणार आहे. आपल्यातील अनेकींना मुलीच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जावे लागते, आणि ही अडचण तेथे लवकरच उभी राहते.

धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी आम्ही एप्रिलमध्ये गेलो. भावोजी कामावर, सात वर्षांचा पुतण्या शाळेत, जाऊबाई बाळाजवळ आणि मी स्वयंपाकघरात. सासूबाई मात्र खिडकीपाशी बसून राहत. योगेश्वरीच्या देवळात जाणे नाही की ओट्यावर बोलायला शेजारीण नाही. नवव्या दिवशी म्हणाल्या, "मला गावी पोचव. इथं माझं तोंड शिवल्यासारखं झालंय." त्यांचे जेवणही कमी झाले होते.

मी मोबाईलवर त्यांची रोजची मालिका लावायला गेले, तो "हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही" अशा अर्थाचा मजकूर आला. वर्गणी तर आपण येथे भरलेली! भावोजींनी समजावले. कार्यक्रम दाखविण्याचे हक्क प्रत्येक देशासाठी वेगळे दिलेले असतात, आणि आपण कोणत्या देशात आहोत हे इंटरनेटच्या जोडणीवरून ॲपला कळते. म्हणून भारतातली वर्गणी परदेशात चालेलच असे नाही. व्हीपीएन लावून भारतातच असल्याचे भासविणारे लोक आहेत. पण ते बहुधा ॲपच्या अटींत बसत नाही, आणि केव्हा बंद पडेल याचा नेम नाही.

तेव्हा निघण्यापूर्वीच चौकशी करावी. आपल्याकडे झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर दिसतात. त्या त्या देशात यांपैकी काय मिळते, हे तिकडच्या माणसांना विचारावे आणि वर्गणी तिकडचीच घ्यावी. खाते उघडताना शक्य तर ईमेल द्यावा. कारण भारतातल्या नंबरावर येणारा ओटीपी रोमिंग नसल्यास हाती पडत नाही. टीव्हीवर एक संकेत उमटतो, तो मोबाईलवर भरला की टीव्ही खात्याला जोडला जातो. माझे इंग्रजी सातवीपर्यंतचे. तरी दोनदा करून पाहिल्यावर मला जमले. परत निघताना वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची सोय बंद करावी, नाही तर पैसे कापले जातात.

वेळेचाही हिशेब आहे. उन्हाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेपाच. आपली संध्याकाळी साडेसातची मालिका तेथे उन्हाळ्यात दुपारी तीनला येते. ॲपवर मात्र झालेला भाग मागाहून सवडीने पाहता येतो. आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये कोणतीही वाहिनी, अगदी भारतातली असली तरी, प्रक्षेपण चालू असतानाच पाहायची तर टीव्हीचा परवाना लागतो. झालेले भाग मागाहून पाहण्यास तो लागत नाही. अपवाद बीबीसीच्या आयप्लेअरचा.

तर टीव्ही सुरू झाला आणि सासूबाई जेवू लागल्या. मला हायसे वाटले. पण येथेच माझी चूक झाली. सकाळी मी टीव्ही लावून द्यायची आणि कामाला लागायची. त्या एकामागून एक भाग पाहत. त्यांची कटकट नाही, म्हणून मीही खूश. एके दिवशी पुतण्या शाळेतून आला, आजीजवळ जरा उभा राहिला आणि मुकाट्याने आपल्या खोलीत गेला. सासूबाईंनी मानही वळविली नाही. रात्री भांडी घासताना ते आठवले आणि माझी मलाच लाज वाटली. नातवंडात राहायला आणलेली बाई मी पडद्यासमोर बसवून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "आई, मालिका पोरगा आल्यावरच लावायची. एकच भाग." त्या रागावल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेतीनला तिघे बसलो. मालिकेतली सून रुसली, तेव्हा पुतण्याने विचारले, "काकू, रुसली म्हणजे?" मी टीव्ही थांबविला आणि म्हटले, "आजीला विचार." आजीने तोंड फिरवून, गाल फुगवून दाखविले. पोर खदखदून हसले, आणि कितीतरी दिवसांनी सासूबाईही हसल्या. पुढे वीस मिनिटांचा भाग संपायला तास लागू लागला. माहेर, विसावा, ओवाळणे असा रोज एखादा शब्द त्याला मिळे. शाळेतले इंग्रजी शब्द तो आजीला शिकवी.

त्याच देशात वेल्श भाषेसाठी १ नोव्हेंबर १९८२ पासून एस-फोर-सी ही स्वतंत्र वाहिनी आहे. ती मिळावी म्हणून तेथील लोकांना मोठी चळवळ करावी लागली. आपल्याला तर मराठीच्या कितीतरी वाहिन्या आयत्या मिळाल्या आहेत. आपण आद्यकवी मुकुंदराजांच्या गावच्या बायका. परदेशातल्या नातवंडांपुढे नुसती मालिका लावून भागणार नाही, शेजारी बसून अर्थ सांगणारे माणूसही हवे.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. सासूबाई कामात होत्या, लवकर आल्या नाहीत. पलीकडून स्वच्छ मराठीत विचारणा झाली, "आजी रुसली का?"