लहानमोठी अक्षरे

गावच्या भजनात आपण एक गोष्ट पुष्कळदा पाहतो. बुवांचा घसा बसलेला असतो, नेहमीची काळी चार झेपत नाही. ते पेटीवाल्याला म्हणतात, "आज काळी दोन धरा." एवढं सांगितलं की पुरतं. सा खाली येतो आणि त्याच्या पाठोपाठ रे, ग, म, प सगळेच तेवढे खाली येतात. प्रत्येक स्वर कुठं लावायचा हे बुवा वेगळं सांगत बसत नाहीत. कारण ते सगळे सा पासूनच मोजलेले असतात.

कागदावरच्या अक्षरांचंही असंच असावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

प्रश्नपत्रिका घ्या, ग्रामसभेची सूचना घ्या, नाहीतर शाळेचं वार्षिक घ्या. त्यात मूळ मजकुराचं अक्षर एका मापाचं असतं. मथळा त्याहून मोठा आणि तळटीप त्याहून बारीक असते. हे माप पॉइंटात सांगतात. संगणकावर 72 पॉइंट म्हणजे एक इंच. मूळ मजकूर 12 पॉइंट, मथळा 16 आणि टीप 9, असं आपण ठरवतो आणि तेच आकडे जागोजाग घालतो. इथंच चूक होते. ती मी स्वतः केली आहे, म्हणून तीच सांगतो.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची नजर अधू होती. जाड चष्मा लावूनही बारीक अक्षर तिला दिसत नसे. सहामाहीच्या वेळी मी तिच्यासाठी मोठ्या अक्षरांची वेगळी प्रत काढायचं ठरवलं. संगणकावर मूळ मजकूर 12 चा 18 केला, प्रत छापली आणि समाधानानं वर्गात नेऊन दिली. पण मथळे आणि सूचना मी पूर्वी हातानं आकडे घालून ठरवल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. मथळा 16 वरच राहिला, म्हणजे मजकुराहून लहान झाला. आणि "कोणतेही तीन सोडवा" ही कंसातली सूचना 9 वरच राहिली, मजकुराच्या बरोबर निम्मी.

त्या मुलीनं पाचही प्रश्न सोडवायला घेतले. वेळ संपली तेव्हा पुढचा 10 गुणांचा प्रश्न कोराच होता. मी विचारलं, "अगं, तीनच सोडवायचे होते ना?" ती म्हणाली, "सर, ते मला दिसलंच नाही." तिच्यासाठी म्हणून काढलेल्या कागदानंच तिला फसवलं होतं.

आता कुणी म्हणेल, झेरॉक्सवाल्याकडून कागद मोठा करून आणायचा होता. तो उपाय चांगला आहे. ए-फोर कागद ए-थ्रीवर 141 टक्के मोठा होतो, म्हणजे 12 चं अक्षर सुमारे 17 चं होतं आणि मथळे, टिपा, सगळं एकाच प्रमाणात वाढतं. पण बाकावर तो कागद मावत नाही. शिवाय भूमितीच्या पेपरात "रेषाखंड मोजा" असं असेल, तर 5 सेंटिमीटरची रेघ 7 सेंटिमीटरहून लांब होते आणि मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरतं. तेव्हा अक्षरं वाढावीत आणि आकृती तशीच राहावी, अशी सोय हवी.

पूर्वी खिळ्यांच्या छापखान्यात ही सोय नव्हती. प्रत्येक मापाचे खिळे वेगळे ओतलेले. मजकूर एकदा जुळवला की माप बदलणं म्हणजे सगळे खिळे सोडून नव्यानं जुळवणं. संगणकावर मात्र हे प्रमाण यंत्रालाच सांगून ठेवता येतं. अमेरिकेतले गणिती डोनाल्ड नुथ यांनी 1978 साली टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. तिच्या आधारे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढं लेटेक रचली. तीत लिहिणारा "14 पॉइंट" असं म्हणत नाही. "मोठं", "बारीक", "तळटीप" एवढंच म्हणतो. मूळ अक्षर 10 चं असेल, तर तळटीप 8 ची आणि "मोठं" म्हणजे 12. मूळ 12 केलं, की तळटीप आपोआप 10 ची आणि मोठं 14.4 चं होतं.

आपल्याला यासाठी लेटेक शिकायलाच हवी असं नाही. लिबरऑफिस विनामूल्य मिळतं, त्यातही हे होतं. त्यात "शैली" ठरवता येतात. आधी मजकुराची शैली करा, 12 पॉइंटची. मग मथळ्याची शैली तिच्यावर आधारलेली करा आणि मापाच्या जागी 16 न लिहिता 130% लिहा. टिपेला 85% लिहा. सूचनेला मात्र 100% ठेवा आणि ठळक करा. कारण ज्यावर मुलाचे गुण अवलंबून आहेत, ती ओळ बारीक असताच कामा नये. आता मजकूर 18 केलात, की बाकीचे सगळे त्याच्यामागून जातील.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, टक्क्यावर टक्का चढवू नका. 80 टक्क्यांच्या टिपेवर आधारून आणखी 80 टक्क्यांची शैली केली, तर ती मूळच्या 64 टक्के होते. 12 चं अक्षर पावणेआठाच्याही खाली जातं. म्हणून प्रत्येक शैली थेट मूळ मजकुरावरच आधारावी. दुसरी, दोन ओळींतलं अंतरही प्रमाणातच ठेवा. ते 16 पॉइंटवर पक्कं केलंत आणि अक्षर 18 चं झालं, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. मग "दिन" कुठला आणि "दीन" कुठला हे पोरानं कसं ओळखावं? तिसरी गोष्ट इंग्रजी शब्दांची. आपल्या लिपीला वर मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे आकडा एकच असला तरी मराठी अक्षर पुष्कळदा इंग्रजीहून लहान दिसतं. तिथं आकड्यावर न जाता डोळ्यांनी पाहावं आणि इंग्रजीचं प्रमाण थोडं उतरवावं.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पुढच्या वेळी कागद तयार झाला की छापण्याआधी मूळ अक्षर एकदा 18 करून पाहा. सगळं पान एका चालीनं वाढलं, तर कागद नीट झाला. एखादी ओळ मागं राहिली, तर ती तिथंच दुरुस्त करा.

बुवांचा सा बदलला आणि एक स्वर जागीच राहिला, तर ते बेसूर झालेलं सगळ्या देवळाला ऐकू येतं. कागदावर मागं राहिलेली ओळ मात्र कुणाला ऐकू येत नाही. ती फक्त ज्याला दिसत नाही, त्यालाच भोवते. तेव्हा ती आपणच शोधायला हवी.