माझ्या वाट्याची गाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी पास झालेली, घर, दोन म्हशी आणि मुले यांच्यात दिवस घालविणारी बाई मी. चिटणीसबाई म्हणाल्या, ‘‘यंदा तुमच्या त्या गाडीवर बोला.’’ मी म्हटले, त्यात बोलण्यासारखे काय आहे? तर त्या म्हणाल्या, ‘‘बायका मागे बोलतात, ते तुम्ही पुढे येऊन सांगा.’’ म्हणून हे कागदावर लिहून आणले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

गाडी म्हणजे महिंद्र कंपनीची एफ.सी. १५० पिकअप, १९६८ चे मॉडेल. पन्नाशीपुढच्या काही जणींनी ती पाहिली असेल. इंजिन जीपचेच, परंतु तोंड नाक कापल्यासारखे चपटे, ड्रायव्हर अगदी पुढच्या चाकांवर बसलेला आणि मागे हौदा. मूळची ही अमेरिकेतील विलीस कंपनीची. तिकडे १९५६ च्या अखेरीस निघाली व आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९६५ पासून काढली. हिचे इंजिन बाहेर नसते. आतच, ड्रायव्हर व शेजारचा माणूस यांच्या मधोमध पत्र्याच्या पेटीखाली ते बसविलेले असते. उन्हाळ्यात त्या पेटीने मांडी भाजते. पण पौषातल्या पहाटे आबा मला मळ्यातून घरी आणीत, तेव्हा मी त्या पेटीवर घोंगडे टाकून झोपत असे.

माझे माहेर पन्हाळ्याच्या बाजूला, गुऱ्हाळांच्या मुलखात. आबांनी ही गाडी १९८६ साली जुनीच घेतली. आपल्या व चार शेजाऱ्यांच्या गुऱ्हाळावरचा गूळ घेऊन ते कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जात. तीस-तीस किलोचे रवे हौद्यात रचलेले असत. आबांना अक्षरओळख नव्हती. रात्री जेवणे झाली की ते सांगत आणि मी वहीत लिहीत असे. पेट्रोल किती, रवे किती, अडत किती गेली, गाडीला काय घातले. दुसरीत होते तेव्हापासून ते काम माझ्याकडे आले.

१९९२ साली मी सातवी पास झाले. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढचे हायस्कूल वाटेवरच्या मोठ्या गावात होते आणि आबांची गाडी रोज त्याच्या फाटकावरून जाई. मी एकदा धीर करून विचारले. आबा म्हणाले, ‘‘गुळाच्या गाडीतनं पोरगी? लोक काय म्हणतील?’’ विषय संपला. दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ त्याच गाडीत बसून त्याच शाळेत जाऊ लागला. त्या रात्रीचा गुळाचा हिशेबही मीच लिहिला. १९९७ साली माझे लग्न होईपर्यंत वही माझ्याच हाती होती.

पुढे पेट्रोल महाग झाले, गावात डिझेलचे टेम्पो आले. २००१ पासून गाडी बाभळीखाली उभी राहिली ती राहिलीच. आबा २०१८ मध्ये गेले. दुसऱ्या वर्षी भावाचा निरोप आला, ‘‘आक्का, हक्कसोडीच्या सहीला ये. साडीचोळी काय पाहिजे ते सांग.’’ २००५ च्या कायद्याने मुलीचाही मुलाइतकाच वाटा आहे, हे मला ठाऊक होते. आपल्याच मंडळात एका वकीलबाईंनी ते समजावून सांगितले होते. तरीसुद्धा मी सही केली. माहेरची वाट बंद होऊ नये, एवढेच तेव्हा मनात होते. फक्त साडी नको म्हटले. म्हटले, ‘‘बाभळीखालची गाडी दे.’’ भावाला हसू आले. भंगारवाल्याने तिचे अठ्ठावीस हजार सांगितले होते. तो म्हणाला, ‘‘ते पैसेच घे की.’’ मी म्हटले, ‘‘पैसे नकोत, गाडी दे.’’

दीड एकरावर सही करून लोखंड घेऊन आली, असे तुमच्यापैकी काही जणी म्हणाल्या. त्या चुकीचे बोलल्या असे मला आजही म्हणवत नाही. माझे पाहून कोणी सही करू नये, इतके मात्र येथे स्पष्ट सांगते.

जानेवारी २०२० मध्ये गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. हवा गेलेली चाके, हौद्यात बाभळीचे रोप उगवलेले. सासूबाईंनी एकवार सभोवती फिरून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘ह्या म्हशीला वैरण लागत न्हाई, एवढंच बरं हाय.’’ यजमानांनी फारसे काही न बोलता गोठ्याची अर्धी बाजू रिकामी करून दिली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. मंडळाच्या सभा बंद, लग्नेकार्ये बंद. दुपार मोकळी सापडली.

शिकविले आमच्या गल्लीतल्या चाचांनी. ते चाळीस वर्षे मिस्त्री होते. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून घरी असतात. त्यांचा हात चालत नव्हता आणि मला काही येत नव्हते. तेव्हा खाटेवर बसून ते सांगत आणि मी करीत असे. म्हणजे पुन्हा आबांच्या वहीसारखेच झाले! पहिल्या दिवशी त्यांनी पाने ओळखायला लावले. कोणता बोल्ट कोणत्या पान्याने, आटे गेलेला बोल्ट कसा ओळखावा, कोणत्या वायसरची पालथी बाजू कोणती. काढलेली प्रत्येक वस्तू मी मसाल्याच्या डब्यांत व मुलांच्या जुन्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी लावली. चाचा म्हणाले, ‘‘वहिनी, माझ्या गॅरेजात एकाही पोराने असे केले नाही.’’

इंजिन जाम होते. प्लग काढून चारी भोकांतून रॉकेल व ऑइल मिसळून ओतले आणि रोज थोडे थोडे घालीत राहिलो. बाविसाव्या दिवशी वरच्या गिअरमध्ये टाकून यजमानांनी व मुलाने गाडी ढकलली, तेव्हा आतून घुटक् असा आवाज आला आणि इंजिन वीतभर फिरले. सुटले खरे, पण बोअर खराब झालेले होते. पिस्टन खाली-वर ज्या नळीत चालतो ती नळी म्हणजे बोअर. गंजाने तिला खड्डे पडले होते.

या इंजिनाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यात आठ व्हॉल्व्ह असतात. ज्यांतून पेट्रोल-हवा आत येते ते चार डोक्यात आणि ज्यांतून धूर बाहेर जातो ते चार पोटात, बाजूच्या झाकणाआड. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर घट्ट बसला नाही तर दाब पळतो आणि इंजिनाला ताकद राहात नाही. म्हणून तो घासून बसवावा लागतो. काडीला रबराची वाटी असते ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली खरखरीत पेस्ट लावायची आणि काडी दोन्ही तळव्यांत धरून उलटसुलट फिरवायची. चाचा कसे सांगावे या विचारात होते. मी म्हटले, ‘‘चाचा, ही तर रवी!’’ ताक घुसळताना हात जसा चालतो, अगदी तस्साच. आठही व्हॉल्व्ह मी तीन दुपारींत घासले. चाचांनी बोट फिरवून पाहिले व एकही परत करायला सांगितला नाही. एक जुना, जळका व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा, तेल पुसलेले आहे.

बोअरचे काम मात्र घरी होण्यासारखे नव्हते. टाळेबंदी उठल्यावर इंजिनाचा ब्लॉक टेम्पोत घालून आम्ही कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेला. तिथल्या लेथवाल्यांनी विचारले, ‘‘आधी बोअर केले आहे का? किती साइज?’’ बोअर झिजले की थोडे मोठे करून मोठे पिस्टन घालतात. ती वाढ इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. फार वेळा केली की भिंत पातळ होते. यजमान माझ्याकडे पाहू लागले. मला आबांच्या वह्या आठवल्या. त्या गाडीबरोबर मी आणल्या होत्या, पण उघडवत नव्हत्या. रात्री घरी येऊन शोधले. १९९१ च्या वहीत, एका बाजारदिवसाखाली, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेले होते: ‘पिस्टन नवे घातले. वीस नंबर. रिंगा नव्या. उधारी दोनशे.’ वीस नंबर म्हणजे काय हे लिहिताना मला माहीत नव्हते. आबांनी सांगितले आणि मी लिहिले. ती वही घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी मापून पाहिले, तर वीसच. मग तीसचे बोअर करून दिले. लेथवाल्या गृहस्थांनी ती वही दोनदा वाचली आणि विचारले, ‘‘अक्षर कुणाचे?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते सांगता येणार नाही.

सगळ्यांनी सुचविले होते की, जीपवाले करतात तसे जुने इंजिन काढून डिझेलचे बसवा, परवडेल. मी ऐकले नाही. पेट्रोलचेच ठेवले. त्याचा त्रास आहेच. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपातला पडदा फुगून बसला, नळ्या मऊ पडल्या, तेव्हा ते सर्व नव्या रबराचे घालावे लागले. इथेनॉल आपल्या उसाच्या मळीपासूनही करतात. जन्मभर उसाचा गूळ वाहिलेल्या गाडीला ऊसच बाधावा, याचे यजमानांना फार हसू येते.

ब्रेकचे काम मी इंजिन सुरू होण्याआधीच पुरे केले. या जुन्या गाड्यांत चारी चाकांना तेलाचा एकच रस्ता असतो. एक नळी गळाली तर चारी चाकांचा ब्रेक जातो. म्हणून नळ्या सगळ्या नव्या घातल्या. पत्रा, लांबी, रंग यांबद्दल सांगत नाही. ते काम पुष्कळ दिवसांचे, पण घासण्यापलीकडे त्यात काही नाही. रंग आबांचाच हिरवा दिला. फाळक्याच्या कड्या जुन्याच आहेत.

खर्च एकंदर एक लाख सेहेचाळीस हजार झाला. तीन वर्षांच्या दुधाच्या पैशांतून आणि बचत गटाच्या एका कर्जातून तो केला. कर्ज फिटले आहे, वही तपासावी.

मे २०२३ मध्ये सेल्फ मारला. प्लगांना ठिणगी एक, तीन, चार, दोन या क्रमाने जाते, हे मी पाढ्यासारखे पाठ केले होते. तारा त्याच क्रमाने लावल्या, पण घड्याळाच्या काट्याप्रमाणे. या इंजिनात आतला काटा उलटा फिरतो. म्हणजे दोनची तार तीनला आणि तीनची दोनला गेली. कार्बोरेटरातून असा बार झाला की म्हैस दावे तोडून थेट बोळात! ओले पोते हाताशी ठेवा, असे चाचांनी बजावले होते म्हणून बरे. सासूबाई आतून ओरडल्या, ‘‘मेली का काय गं?’’ मी, की म्हैस, की गाडी, ते त्यांनी सांगितले नाही. म्हैस धरून आणली, तारा बदलल्या, फिलर गेजने व्हॉल्व्हची फट पुन्हा पाहिली, डोक्यातल्यांची अठरा व पोटातल्यांची सोळा. संध्याकाळी पुन्हा सेल्फ मारला. दोनदा खोकली आणि लागली. चाचा खाटेवरून उठले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

कागदांचे काम अजून अर्धे आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला. त्यात नंबरामध्ये ‘व्हीए’ अशी अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे. मात्र रोजच्या वापराला अगर धंद्याला ती गाडी चालत नाही. शिवाय तो नियम खासगी गाड्यांचा आणि आमची तर मालवाहू म्हणून लिहिलेली. ते सुटेपर्यंत मी गाडी डांबरी रस्त्यावर नेत नाही. लायसन्स मात्र २०२२ सालीच काढले आहे. सध्या मळ्यातल्या गाडीवाटेने घरापासून विहिरीपर्यंत जाते आणि येते.

गेल्या दिवाळीला भाऊ आईला घेऊन आला. तो बराच वेळ लांबच उभा होता. मग येऊन त्याने फाळक्याच्या कड्या वाजवून पाहिल्या. ‘‘आक्का, भंगारात गेली असती,’’ एवढेच म्हणाला. आईला मी शेजारच्या जागेवर बसविले आणि गाडी काढली. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, फार बोलत नाही. अर्ध्या वाटेत पेटी तापली. आईने तिच्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘ह्यातनं तुला साळंला न्यायला पायजे हुतं.’’

मी काही बोलले नाही. पुढे विहिरीचा चढ आला होता, गिअर बदलावा लागला.