दुखत नाही म्हणून गाठ लपवू नका



आज मी स्तनाच्या कॅन्सरवर दोन शब्द बोलणार आहे. पुरुषमाणूस हे काय बोलतोय, असं काहींना वाटेल. पण या लाजेपायीच बाया उशिरा दवाखान्यात जातात, म्हणून बोलणं भाग आहे.

आपला समज असा की, दुखलं तरच आजार. इथं उलटं आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. बाई घरचं, बाहेरचं काम रेटते आणि गाठ आत वाढत राहते. गिरणीत धागा तुटला की आम्ही माग थांबवत होतो. तसाच चालवला तर कापडात दोष उतरतो. शरीराचंही तसंच आहे.

खुणा ध्यानात ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे. एका स्तनाचा आकार बदलणे. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, त्यावर न बरी होणारी खपली धरणे. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर थोड्या दिवसांनी, आरशात बघावं आणि बोटांच्या सपाट भागाने चाचपावं. पाळी गेलेल्यांनी एक तारीख ठरवावी. काही वेगळं वाटलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

घाबरू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते तपासणीनेच कळतं, अंगाऱ्याने नाही. हा रोग शिवल्याने होत नाही, तो कुणाच्या पापाचं फळ नाही, आणि तपासणीची सुई टोचल्याने पसरतो हेही खोटं.

मुंबईचाच दाखला देतो. परळच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ साली झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायांना घेऊन अभ्यास सुरू केला. त्यातल्या एका गटाचे स्तन, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. महागडं यंत्र नाही, फक्त शिकलेला हात! सरकारी योजनेतही ३० वर्षांपुढच्या बायांसाठी आरोग्य केंद्रात ही तपासणी ठेवलेली आहे. तिचा लाभ घ्या.

बांधवांनो, आता तुम्हाला सांगतो. घरच्या बाईने असं काही सांगितलं तर "बघू पगार झाल्यावर" म्हणू नका. "चल, मी येतो" म्हणा. हा रोग क्वचित पुरुषालाही होतो, तेव्हा स्वतःच्या छातीतली गाठही लपवू नका. आणि सासूबाईंनो, सुनेला आधी तुम्हीच विचारा. तुमच्याशी ती बोलली तर अर्धी लढाई तिथंच जिंकली.