सही करण्याआधी वाचा
(कामरगाव येथील साक्षरता मेळाव्यात केलेले भाषण)



प्रौढ शिक्षणाचा विषय काढला की घरोघरी एकच उत्तर मिळते, "आता या वयात शिकून काय करायचे?" आज या प्रश्नावरच आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

हे काम नवे नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी लवकर भरविले. कष्टकऱ्याने शाळेच्या वेळेला यावे, असे न म्हणता शाळाच त्याच्या वेळेला नेली, हा त्यातला धडा आहे.

१९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि गावेच्या गावे साक्षर झाली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. परंतु वर्ग बंद पडला, पुढे वाचायला काही मिळाले नाही, की शिकलेली अक्षरे पुसली जातात. १९६५ च्या तेहरान परिषदेने जगाला हेच सांगितले की साक्षरता माणसाच्या रोजच्या कामाशी जोडली पाहिजे.

आपल्या भागात हे काम कोणते? कापूस-सोयाबीन विकताना काट्यावरचे वजन व पट्टीवरचा हिशेब पाहणे, सातबारा वाचणे, बँकेची पावती भरणे. शिलाई शिकणाऱ्या भगिनीला टेपवरचे आकडे आले तरच माप घेता येते. म्हणून अक्षर आणि हुन्नर एकत्रच शिकविले पाहिजेत.

केवळ सही येणे म्हणजे साक्षरता नव्हे. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक तो काय? बचत गटाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी एखादी माउली म्हणते, "थांबा, वर काय लिहिले ते मी आधी वाचते." त्या क्षणी तिच्यात खरा बदल झालेला असतो. मग ती ग्रामसभेत प्रश्न विचारते आणि घरातल्या मुलीची शाळा सुटू देत नाही. या वयात शिकून काय करायचे, याचे हेच उत्तर आहे.

नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात परीक्षा झाली. वाचन, लेखन व संख्याज्ञान मिळून १५० गुणांची. ती उत्तीर्ण होणे ही केवळ सुरुवात समजावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शिक्षणासाठी ज्यांनी मजुरी केली, ते आजी-आजोबा, काका-मावशी तुमच्याच घरात आहेत. रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. पाटी नसेल तर वर्तमानपत्र घ्या. त्यांना चुकू द्या, पण हसू नका. हे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.