काकूंची वाटी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या ज्येष्ठ सत्कार कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काकूंविषयी चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. मी भाषण करणारा माणूस नाही. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे की नाही हे बघण्यात माझी नोकरी चालली आहे. पण २००३ साली डिप्लोमा करून मी बिलासपूरला रुजू झालो, तेव्हापासून लग्न होईपर्यंत पाच वर्षं मी काकूंचा डबा खाल्ला. त्यामुळे नाही म्हणण्याचा हक्क मला नाही.

काकू समोरच बसल्या आहेत. त्यांना स्तुती आवडत नाही. म्हणून मी स्तुती करणार नाही, त्यांच्या तीन पाककृती सांगणार आहे. प्रत्येक पाककृतीमागे एक हकीकत आहे.

काकू सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या. कायम दुष्काळी मुलूख. घरात बाजरी आणि ज्वारी, भात फक्त सणाला. काका इथे वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. १९६३ साली लग्न होऊन काकू बिलासपूरला आल्या आणि जिकडे तिकडे भातच भात बघून चक्रावल्या. भाकरीसाठी ज्वारी शोधत बाजारभर फिरल्याचं त्या अजून हसत हसत सांगतात.

मग १९७४ साल आलं. ८ मे ते २७ मे, असा वीस दिवस देशभर रेल्वेचा संप झाला. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी तो पाहिला आहे. संपानंतर देशभर हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात काकांचीही गेली आणि तिच्याबरोबर क्वार्टरही गेलं. दोन लहान मुलं, चार भांडी आणि एक वळकटी घेऊन हे कुटुंब रस्त्यावर आलं. तेव्हा एका छत्तीसगढी बाईनं आपल्या घरातली मागची खोली त्यांना दिली. ना ओळख, ना देख. काकू त्यांना दीदी म्हणत.

त्या खोलीत काकूंनी डबे सुरू केले. पहिले गिऱ्हाईक म्हणजे सहा सडेफटिंग कर्मचारी. त्यांचेही पगार कापले गेलेले, म्हणजे उधारीचाच कारभार. इथे येते पहिली पाककृती, पातळ पिठलं.

एक वाटी बेसन आणि चार वाट्या पाणी. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेल दोन चमचे, मोहरी, हिंग, हळद, चार हिरव्या मिरच्या आणि ठेचलेल्या लसणाच्या दहा-बारा पाकळ्या. लसूण तांबूस झाला की उरलेलं पाणी ओतायचं, मीठ घालायचं आणि उकळी फुटल्यावर कालवलेलं बेसन सोडून ढवळत राहायचं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ. मी एकदा विचारलं, "काकू, इतका लसूण कशाला?" त्या म्हणाल्या, "अरे, बेसन कमी असलं की लसूण वाढवायचा. वासानं माणूस दोन घास जास्त भात खातो आणि डब्यात काय कमी आहे ते त्याला कळत नाही."

मित्रहो, हे पिठलं मी पाच वर्षं मिटक्या मारत खाल्लं. ते कुणाची तरी अडचण झाकण्यासाठी जन्माला आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी पाककृती मोदकांची. आपल्या मंडळात दरवर्षी उकडीचे की तळणीचे असा वाद होतो. कोकणातली मंडळी एका बाजूला, घाटावरची आणि विदर्भातली दुसऱ्या बाजूला. काकू घाटावरच्या, म्हणजे तळणीच्या पक्षातल्या. मग त्या उकडीचे मोदक करायला शिकल्या कुठे? मला वाटायचं, कुणा कोकणस्थ शेजारणीकडे. तसं नाही. त्याच १९७४ सालच्या गणपतीत घरात तळणीपुरतं तेल नव्हतं. नैवेद्याला काय करावं म्हणून काकू उंबऱ्यावर बसून होत्या. दीदींनी विचारलं, काय झालं? ऐकून घेतलं आणि त्या फरा करायला बसल्या. आपण सगळ्यांनी इथे फरा खाल्ला आहे. तांदळाच्या पिठात शिजलेला भात मळायचा, वळकट्या करायच्या, वाफवायच्या आणि तिळाची फोडणी द्यायची. दीदी म्हणाल्या, यातच गूळ भर आणि तुझ्या देवाला दे.

त्या वर्षी काकूंच्या गणपतीला तुकडा तांदळाच्या, म्हणजे इथल्या कनकीच्या पिठाचे आणि तिळगुळाच्या सारणाचे एकवीस मोदक झाले.

आजही काकूंची उकड तशीच असते. दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल. पाणी उकळलं की पीठ घालून ढवळायचं आणि झाकून दोन वाफा आणायच्या. मळताना त्यात दोन चमचे मऊ शिजलेला भात कुस्करून घालायचा. ही दीदींची शिकवण. तांदळात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पिठाला धरून ठेवतं ते शिजलेलं पिष्ट. म्हणून भात घातला की पारी चिरत नाही. सारणाला दीड वाटी भाजलेल्या तिळाचा जाडसर कूट आणि एक वाटी किसलेला गूळ, वर वेलची. मोदक दहा-बारा मिनिटं वाफवायचे. आता नारळ परवडतो, तरी नैवेद्याच्या पहिल्या पाच मोदकांत काकू तीळच भरतात.

१९७७ साली सरकार बदललं, संपात गेलेल्या नोकऱ्या परत मिळाल्या, काका कामावर रुजू झाले. काकूंनी डबे मात्र बंद केले नाहीत. "तीन वर्षं ज्यांनी उधारी फेडली त्यांना आता काय सांगू, माझं भागलं, तुम्ही खानावळ बघा?" हा त्यांचा सवाल होता.

तिसरी पाककृती आपल्या महाप्रसादाच्या मसालेभाताची. तिच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे.

२०११ साली मी मंडळाचा सचिव होतो. काकूंचं वय झालं, त्यांना आता झेपत नाही, असं आम्ही बैठकीत ठरवलं आणि महाप्रसादाचं कंत्राट बाहेर दिलं. काकूंना कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी त्या पंगतीत पाहुण्यासारख्या बसल्या, जेवल्या, "छान झालंय" म्हणाल्या आणि घरी गेल्या. रात्री मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मीच नाही म्हणाले असते रे. गुडघे दुखतात माझे. पण विचारायला हवं होतंस."

मी मान खाली घालून परत आलो. पुढच्या वर्षी आम्ही पाचजण विचारायला गेलो. त्यांनी अट घातली, "मी खुर्चीवर बसणार, हात तुमचे." तेव्हापासून आपला महाप्रसाद आपणच करतो.

तर मसालेभात. शंभर पानांना आठ किलो तांदूळ. इथला दुबराज असला तर उत्तम. दोन किलो तोंडली, एक किलो मटार. गोडा मसाला आझाद हिंदनं पुण्याहून येतो, कारण दगडफूल इथे मनासारखं मिळत नाही. पाणी आधणाचंच. किती? मी वही आणि काटा घेऊन बसलो होतो. काकू म्हणाल्या, "तांदूळ जुना असेल तर दुप्पट. नवा असेल तर पावणेदोन पट, नवा तांदूळ पाणी कमी पितो." मी विचारलं, "आणि जुना की नवा हे कसं ओळखायचं?" त्यांनी मूठभर तांदूळ माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "दरवर्षी हातात घेत जा. कळायला लागेल."

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घरोघरच्या मुलींना स्वयंपाक शिकवून गेलं. काकूंकडे त्याची जीर्ण प्रत आहे. त्यांच्या पाककृतींचीही अशी मापं मी लिहून काढली आहेत, वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पण मंडळातल्या तरुणांना माझी विनंती आहे की केवळ वहीवर विसंबू नका. काकूंचे हात आता थरथरतात, नजर मात्र पक्की आहे. उद्या सकाळी सहा वाजता त्या खुर्चीवर असतील. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि विचारा. त्यांना विचारलेलं आवडतं.

दीदी आज हयात नाहीत. त्यांची नात इथे आली आहे. आज काकूंच्या हस्ते पहिला मोदक तिला द्यावा, एवढं सुचवतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!